पिकअपला २१५ चेच टायर ठेवू, २३५ चे टाकू की ७.०० चे? काळ्या रानातली पाणंद आणि माळशेज, दोन्ही रोजचे

ओतूरचा शेतकरी

राम राम मंडळी. गाडीचे टायर बदलायचेत आणि घरात तीन माणसांची तीन मतं झालीत, म्हणून इथं विचारतोय.

गाडी बोलेरो पिकअप, २०१९ ची, साधी टू व्हील ड्राइव्ह. कंपनीकडून आलेलं माप २१५/७५ आर १५ (२१५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, रिम १५ इंची), एलटी, म्हणजे हलक्या मालगाडीचं. आताचा संच ५२ हजार किलोमीटर चालला. पुढचे दोन्ही बाहेरच्या खांद्याला खाल्लेत, मागचा डावा तर पार गोटा झालाय. चारही एकदम घ्यायचा विचार आहे.

माल म्हणाल तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टोमॅटो, उन्हाळ्यात कांदा. टोमॅटोचे ६० क्रेट भरतो. वीस किलोचा एक, वर क्रेटचं वजन, म्हणजे १३०० किलो धरा. आठवड्यात चार-पाच फेऱ्या नारायणगावला, आणि तिकडं भाव बरा असला की एखाद-दुसरी फेरी रात्रीची माळशेज उतरून कल्याणला.

अडचण आहे ती शेडपासून डांबरीपर्यंतच्या दीड किलोमीटरची. पाणंद आहे, आणि सगळी काळ्या रानातून. गेल्या ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस झाला, सकाळी उघडीप मिळाली म्हणून तोडणी उरकली. ५४ क्रेट भरून निघालो आणि ओढ्याच्या अलीकडं मागचं डावं चाक बसलं. रेस दिली तसं आणखी खाली गेलं. उतरून बघतो तर चाकाला माती अशी लपेटलेली की नक्षी कुठं दिसेना, नुसता काळा गुळगुळीत गोळा जागेवर फिरतोय. थोड्या वेळानं डिफ, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गोळा, चाकोरीमधल्या उंचवट्यावर टेकली आणि गाडी हलायचीच थांबली. तोडणीला आलेल्या बायकांनी एकेक क्रेट डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत नेला. ट्रॅक्टर मिळाला तेव्हा साडेअकरा झाले होते. त्या दिवशीचा माल उशिरा पोचला, खालच्या क्रेटातला दबला होता, मिळेल त्या भावात द्यावा लागला. त्या बायकांना तेव्हा मी नीट चार शब्द बोललोसुद्धा नाही, ते अजून मनाला लागून आहे. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

आता मतं सांगतो. चुलतभावानं त्याच्या पिकअपला २३५/७५ आर १५ घातलेत. दिसायला भरीव दिसतात. ज्या दुकानातून घेतले तिथला माणूस म्हणाला, रुंद टायर चिखलावर तरंगतो, रुतत नाही. आमचे आण्णा म्हणतात, उलट बारीक टायर घे, ७.०० आर १५, म्हणजे सात इंची घे, तो चिखल कापून खाली टणकाला लागतो. आणि मला वाटतं कंपनीनं दिलंय तेच बरं, पण त्याच टायरवर तर फसलो ना.

चिखलात नक्की कोण बरा, रुंद की बारीक? आणि जो चिखलात बरा तो माळशेजच्या उतारावर, पावसात, भरल्या गाडीला चालेल का? ज्यांनी स्वतः बदलून बघितलंय त्यांनी सांगा.

संगमनेरकर, २३५ वाला

मी दोन वर्षं वापरतोय २३५/७५. जे आहे ते सांगतो.

कोरड्या रस्त्यावर गाडी छान बसते, खड्ड्यात दणका कमी लागतो. पण रिकामी असतानाही स्टिअरिंग जड झालं. लॉकपर्यंत वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा, ते मी कापून घेतलं. अ‍ॅव्हरेज १४ चं साडेबारावर आलं. बदललं फक्त टायर, त्यामुळं दुसऱ्या कशाला दोष देता येत नाही.

चिखलाचं म्हणाल तर माझा रस्ता मुरमाड आहे, फसण्याची वेळच फारशी येत नाही. एकदा कोपरगावकडं उसाच्या फडात काळ्या रानात गेलो तेव्हा मात्र फसलो, आणि तुमच्यासारखाच फसलो. टायर रुंद असूनही नक्षी भरली ती भरलीच. तरंगणं वगैरे मला तरी दिसलं नाही.

आळेफाटा टायरवाला

भाऊ, तुमचं वाचून राहवलं नाही. आळेफाट्याला टायरचं काम करतोय त्याला २६ वर्षं झाली. तुमच्यासारख्या टोमॅटोच्या गाड्या रोज हातून जातात. जरा लांबेल, पण सगळं सांगतो.

रुंद की बारीक हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवा. पहिल्यांदा चुलतभावाच्या टायरजवळ बसा आणि बाजूवर काय लिहिलंय ते वाचा. माप लिहिलंय, त्याच्यापुढं एलटी आहे का? त्यापुढचा आकडा किती? टायरवर मापाच्या शेजारी १०५, १०६, १०९ असा आकडा असतो. तो भाराचा आकडा. १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १०३०. २३५/७५ आर १५ मध्ये बाजारात सहज मिळणारा माल पुष्कळदा जीप-एसयूव्हीसाठी केलेला असतो. माणसं बसून फिरायची गाडी. त्याची बाजू मऊ, आणि हवाही बेताची घेणारी. बाजूवर कमाल हवेचा आकडा छापलेला असतो तोही बघा. तुमच्या एलटी टायरात आपण मागं ६० पॉइंट, म्हणजे पीएसआय, हवा भरतो. एसयूव्हीच्या टायरला एवढी भरायची नसते, आणि कमी हवेत तो पिकअपचं ओझं झेलत नाही.

हिशोब करून बघा. आरसीवर गाडीचं भरून एकूण वजन असतं. समजा २९०० किलो. पिकअप भरली की त्यातला दोनतृतीयांश भार मागच्या एक्सलवर येतो, म्हणजे १९०० च्या आसपास. एका मागच्या टायरवर ९५०. म्हणजे तुमचा टायर आधीच काठावर चाललाय. त्यात घाट उतरताना, वळणावर, भार एका बाजूला जातो तो वेगळाच. इथं मऊ टायर घालणं म्हणजे रुंदी घेतली आणि ताकद घालवली.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला होता, मुरबाडकडून वर चढून आलेला. म्हणाला मागून गाडी डुलतेय. बाहेरून चारही २३५ नवेकोरे, नक्षी पूर्ण. मागचा उजवा खोलला आणि आतल्या बाजूनं हात फिरवला तर बोटाला दोरा लागला. रबर दोन बोटं रुंदीचं, हातभर लांब कापून गेलेलं, आत पांढरा दोरा उघडा पडलेला, आणि त्यातला काही तुटून केसासारखा बाहेर आलेला. भरल्या गाडीत टायर फुगून आत स्प्रिंगच्या पाट्याच्या बाजूला घासत होता. बाहेरून काही दिसणार नाही आणि आतून बघायला चाक काढल्याशिवाय कोण जातो? तो त्याच टायरवर रात्री घाट चढून आला होता. मी त्याला तिथून पुढं जाऊ दिलं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, चिखल.

टायर रुंद झाला की जमिनीला जास्त टेकतो असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. मग एकदा दुकानात करून बघितलं. टायरच्या नक्षीला गेरू फासला, जॅकवरून गाडी हळूच पुठ्ठ्यावर उतरवली, पुन्हा उचलली, छापा मोजला. मग हवा कमी करून दुसरा छापा. त्यातून जे कळलं ते असं. टायर जमिनीला किती टेकणार हे त्यावरचं वजन आणि आतली हवा या दोन गोष्टी ठरवतात. ६० पॉइंट हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वाचार किलो. ९५० किलोला सव्वाचारनं भागा, २२५ चौरस सेंटिमीटरच्या आत-बाहेर येतं. आपल्या पसरलेल्या पंजाएवढी जागा धरा. नक्षीची पट्टी १६ सेंटिमीटर रुंद असेल तर छापा १४ सेंटिमीटर लांब होतो. १८ रुंद असेल तर साडेबारा लांब. जागा तेवढीच, आकार बदलला. टायरच्या बाजूच्या ताठपणामुळं थोडं इकडं-तिकडं होतं, पण फार नाही.

आणि हवा ६० ची ३६ केली तर तोच छापा ३७५ चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे जो फरक तुम्ही दोन सेंटिमीटर रुंदीत शोधताय, त्याच्या कितीतरी पट फरक हवेत आहे. रुंद टायर तरंगतो ही गोष्ट खरी आहे, पण हवा सोडल्यावर. ६० पॉइंट भरलेला २३५ तुमच्या पाणंदीत २१५ एवढाच रुतणार.

आण्णा म्हणतात ते जुन्या बैलगाडीच्या अनुभवातून म्हणत असणार. लोखंडी धाव, दोन-अडीच इंचाची, उंच चाक. राड कापत खाली जायचं आणि मुरमाला लागायचं. ७.०० आर १५ चंही तसंच आहे. रुंदी ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर, पण त्याची बाजू जवळपास रुंदीएवढीच उंच. त्यामुळं टायर २९ इंचांच्या आसपास उंच होतो. तुमचा २१५/७५ मोजला तर ७०३ मिलिमीटर, साडेसत्तावीस इंच आणि वर थोडा. म्हणजे बारीक टायर तुमच्यापेक्षा उंच आहे, डिफ जमिनीपासून दीड-पावणेदोन सेंटिमीटर वर जाते. आण्णांचं म्हणणं मला पटतं, पण एका अटीवर. खाली टणक पाहिजे. काळी हातभर खोल असेल तर बारीक चाक कापत कापत खालीच जाणार, त्याला थांबवणारं कोणी नाही. बैलगाडीसुद्धा अशा जागी आसापर्यंत बसायची.

शिवाय ७.०० ट्यूबचा टायर. ट्यूब आली, फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) आला. खिळा लागला की ट्यूबमधली हवा झपकन जाते, ट्यूबलेसमध्ये हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. माळशेजच्या उतारावर हा वेळ लाखमोलाचा आहे. काही पिकअपला कंपनी स्वतः ७.०० देते, तिथं रिम आणि पाटे त्याच हिशोबाचे असतात. तुमच्या रिमला चढतो म्हणून चढवायचा, असं करू नका. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते, ती वाचल्याशिवाय कोणतंच वेगळं माप घेऊ नका.

तर पहिलं काम दुकानात नाही, पाणंदीत आहे. पहार घ्या, दर वीस पावलांवर चाकोरीत ठोका. किती इंचांवर मुरूम लागतो ते लिहून ठेवा आणि इथं सांगा.

घाटाचं. २३५ टाकला की चाकाची उंची ७०३ वरून ७३३ होते, सव्वाचार टक्के वाढ. काट्यावर ६० दिसतील तेव्हा गाडी साडेबासष्टनं पळत असेल. त्याहून मोठी गोष्ट, प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो. चढताना ओढ कमी, आणि उतरताना इंजिन गाडीला धरतं तेही कमी. ब्रेकलाही मोठं चाक थांबवावं लागतं. भरल्या गाडीनं पावसात माळशेज उतरताना हे सव्वाचार टक्के पायाला कळतात. आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तो आधी पाण्यावर चढतो. माळशेजला जुलैत कड्यावरचं पाणी थेट रस्त्यावर पडतं, तुम्हाला सांगायला नको. मी तिथं बारीककडं झुकणारा माणूस आहे.

आणखी एक. पुढचे दोन्ही बाहेरच्या खांद्याला खाल्लेत म्हणालात. नवे टायर टाकण्याआधी अलाइनमेंट करा आणि बॉल जॉइंट हलवून बघा. नाहीतर नवेही वर्षात तसेच होतील.

हर्णैचा मासळीवाला

आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी, पण हवेबद्दल वर जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं, म्हणून लिहितो.

हर्णैला लिलाव किनाऱ्यावरच होतो. होडीतून मासळी उतरली की बैलगाड्या आणि पिकअप पुळणीवर, म्हणजे वाळूवर, उतरतात. माझी बोलेरो कॅम्पर आहे, फोर बाय फोर, तिला २३५ आहेत. ओहोटीची ओली पुळण टणक असते, तिथं कुठलाही टायर चालतो. वरची सुकी पुळण मात्र पिठासारखी. तिथं ४५ पॉइंट हवेनं गेलो तर याच रुंद टायरांनी खड्डा खणला आणि बसले. मग उतरून चारही चाकांची हवा २० वर आणतो, तशीच गाडी बाहेर येते, हात लावायला लागत नाही. वाळूला तळ नसतो. कापून खाली जाऊन काही मिळत नाही, म्हणून तिथं रुंद आणि मऊ टायर लागतो. तुमच्या चिखलाला तळ असेल तर गोष्ट वेगळी.

पण मी डांबरीवर आल्यावर पहिलं काम हवा भरण्याचं करतो. बॅटरीला लावायचा छोटा पंप कायम सीटमागं असतो. एकदा घाई होती म्हणून तशीच २० वर दापोलीपर्यंत नेली. टायरला हात लावला तर चटका बसला. माल फक्त ४०० किलो होता. तुमचे १३०० असते तर काय झालं असतं त्याचा विचारही करवत नाही.

मंचरच्या ताई

ओतूरचे दादा, आमच्या दोन पिकअप आहेत, भाजीपाला आणि झेंडूच्या. गाड्या मालक चालवतात, कागद आणि हिशोब माझ्याकडं असतो. म्हणून कागदाची बाजू सांगते, ती कोणी मांडली नाही.

आपली गाडी व्यावसायिक नोंदीची. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, नंतर दर वर्षी. तुमची २०१९ ची म्हणजे आता ती वेळ जवळ आली किंवा आलीही असेल. आमच्या एका गाडीला आधीच्या मालकानं रुंद टायर घातले होते, ते बॉडीच्या बाहेर बोटभर येत होते. पासिंगला अडवली. दुसऱ्या गाडीचे २१५ काढून हिला चढवले, पासिंग केलं, परत बदलले. दोन दिवसांचा धंदा बुडाला आणि भर पितृपक्षानंतरच्या फुलांच्या हंगामात.

विम्याचंही तसंच. त्या गाडीला मागं अपघात झाला होता तेव्हा पाहणीला आलेल्या माणसानं टायरचं माप आधी लिहून घेतलं आणि दावा महिनाभर त्याच मुद्द्यावर अडकला. शेवटी पैसे मिळाले, पण तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. माणूस घरी पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला आणि मी रोज फोन करतेय. चार टायरांसाठी एवढं डोक्याला लावून घेऊ नका.

नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. टायरच्या खोबणीत छोटा उंचवटा असतो, रबर तिथपर्यंत आलं की टायर संपला. आम्ही मात्र पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरलाच बदलतो. आणि नवा म्हणून घेतलेला टायर जुना निघू नये म्हणून बाजूचे शेवटचे चार आकडे बघा. १८२५ असेल तर २०२५ सालातल्या १८ व्या आठवड्यात बनलेला.

ओतूरचा शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज दोन्ही कामं केली.

चुलतभावाचा टायर वाचला. एलटी नाही. आकडा १०५. कमाल हवा ४४ लिहिलीय आणि तो मागं ५५ भरत होता. मी दाखवल्यावर त्यानं लगेच चाक काढलं. आतून कापलेलं नाही, पण घासल्याची चकाकी आहे, तळहाताएवढी. तो आता मागचे दोन तरी बदलणार म्हणतोय. टायरवाले दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर कोणी बघितलंच नसतं.

मग पहार घेऊन आण्णा आणि मी पाणंदीला गेलो. शेडपासून आंब्यापर्यंत चार-पाच इंचांवर पहार वाजते, खाली मुरूम आहे. आण्णा म्हणाले त्यांच्या लहानपणी गावानं टाकलेला. आंब्यापासून ओढ्यापर्यंत मात्र साधारण ७० फूट अशी जागा आहे की पहार दोन हात आत गेली तरी वाजली नाही. वर काढली तर टोकाला लोण्यासारखी काळी चिकटलेली, बोटानं निपटून काढावी लागली. मी फसलो ती हीच जागा. दीड किलोमीटरमधले ७० फूट, आणि मी दीड किलोमीटरला दोष देत होतो. आण्णा बराच वेळ तिथंच उभे होते. मग म्हणाले, इथं माझा बारीक टायरही गेला असता.

तर २१५ च ठेवायचं ठरतंय. आता दोनच गोष्टी विचारायच्यात. चारही चाकांना एकच नक्षी घेऊ की पुढं वेगळी, मागं वेगळी? आणि त्या ७० फुटांत हवा सोडून जाऊ का?

आळेफाटा टायरवाला

आण्णांना माझा नमस्कार सांगा. पहार ठोकल्याचं वाचून बरं वाटलं.

आधी त्या ७० फुटांचं. तिथं टायरवर पैसा घालू नका, मुरूम घाला. ७० फूट लांब, ८ फूट रुंद, अर्धा फूट थर म्हटलं तर २८० घनफूट, म्हणजे पावणेतीन ब्रास. तीन ब्रास मागवा. पण नुसता काळीवर पसरू नका, एका पावसाळ्यात काळी तो गिळून टाकते. उन्हाळ्यात वरची वीतभर काळी काढून बाजूला घ्या, खाली दगडगोटे किंवा विटांचे तुकडे अंथरा, मग मुरूम, आणि ट्रॅक्टर चार वेळा फिरवा. दोन्ही बाजूला पाणी निघायला चर काढा. चर नसेल तर वरचं सगळं वाया जाईल. रुंद टायरांना जास्त पडले असते तेवढ्यात हे बरंचसं भागेल.

यंदा तेवढं जमलं नाही तर पावसानंतर वाफसा येईपर्यंत त्या जागेच्या अलीकडं गाडी थांबवा आणि तेवढे फूट माल ट्रॅक्टरनं आणा.

हवा सोडायचीच झाली तर रिकामी गाडी आत जाताना मागं ३० वर आणा. रिकामी पिकअप मागून हलकी असते, टणक टायर नुसता घसरतो. भरून बाहेर येताना ४० च्या खाली नाही, पहिल्या गिअरमध्ये, रेस न वाढवता, आणि डांबरीला लागायच्या आधी पूर्ण हवा. हर्णैच्या दादांसारखा पंप गाडीत ठेवणार असाल तरच हे करा. पंप नसेल तर हवेला हात लावू नका. भरल्या गाडीनं ४० पॉइंटवर नारायणगावपर्यंत गेलात तरी टायरची बाजू आतून भाजते, आणि फुटतो तो दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, दुसऱ्याच रस्त्यावर.

नक्षी वेगळी घ्या. पुढं सरळ रेघांची रिब, ती पाणी काढते आणि स्टिअरिंग सरळ ठेवते. मागं लग, आडव्या खोल खोबणीची, खांद्याला उघडी असलेली. खांद्याला उघडी म्हणजे चाक फिरताना माती बाजूनं फेकली जाते. बंद खांद्याची नक्षी काळ्या मातीत चाक पाच-सहा वेळा फिरलं की भरून जाते, तुमचा तो काळा गुळगुळीत गोळा त्यामुळंच झाला होता. लग टायर डांबरीवर आवाज करतो आणि थोडा लवकर झिजतो, ते धरून चाला. एका एक्सलवर दोन्ही टायर मात्र एकाच नक्षीचे, एकाच कंपनीचे.

आठ प्लाय (आठ थरांच्या ताकदीचा), एलटी, आणि भाराचा आकडा जुन्या टायरवर आहे त्याहून कमी नको. जुने टायर दुकानात टाकून येण्याआधी तो आकडा कागदावर लिहून घ्या. हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत दिलेली असते तीच धरा, रिकामी वेगळी आणि भरलेली वेगळी. सकाळी टायर गार असताना मोजा. स्टेपनीलाही तेवढीच हवा ठेवा, नेमकी तीच सगळे विसरतात.

नवे टायर चढवल्यावर ५० किलोमीटर झाले की चारही चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. कल्याणची पहिली फेरी त्यानंतरच.